सात नंबरची खोली

मिनीबसवाल्यानं दोनदा विचारलं, इथेच ना?
मग माझ्या बॅगेबरोबर एक पोतं उतरवलं
(माझं नव्हतं)
आणि पावसात बातुमीकडे निघून गेला.

कोबुलेती, नोव्हेंबर.
आइस्क्रीमच्या टपरीवर जुलैचे भाव अजून तसेच.
हंसाच्या आकाराच्या पायडल-होड्या
माना एकमेकींवर टाकून ताडपत्रीखाली,
एकीची चोच तेवढी बाहेर राहिलेली.
फिरायच्या लांबलचक रस्त्यावर
तीन गाई, अगदी मधोमध,
लग्नाचं जेवून निघालेल्या व्याह्यांच्या चालीनं.

पोतं नाझिब्रोलाबाईंचं निघालं. कोंबड्यांचा मका.
"आणलंत, बरं झालं," म्हणाल्या,
जणू तिबिलिसीहून मी तेवढ्यासाठीच आलो होतो.

मी म्हटलं, फोनवर बोललो होतो,
समुद्राकडची खोली. सात नंबर.
बिनहंगामी भाव, पंचवीस लारी.
त्यांनी ओल्या हातानं किल्ल्यांची फळी चाचपली
आणि मला दोन नंबरची दिली.

दोन नंबरच्या खिडकीतून
खुराडं दिसतं,
आणि एक पर्सिमनचं झाड,
पानं सगळी गेलेली, फळं जागच्या जागी.

सात नंबर रिकामी नाही?
नाही.
कोण उतरलंय?
"मी," त्या म्हणाल्या, आणि मका ओतायला गेल्या.

सकाळी दारावर थाप. शिडीवर चढता येतं का?
भाच्याची, मुर्मानची, पाठ धरलेली,
ट्रक बाराला येणार.
म्हणून सुट्टीच्या पहिल्या दिवशी मी
कुणाच्या तरी बागेत मँडरिन तोडत होतो.
"तोडायचं नाही," मुर्मान खालून ओरडला, "कापायचं!
देठ ठेवून. ओढलं की साल फाटते,
साल फाटली की बातुमीलाही पोचत नाही."
सगळं गाव झाडांवर होतं.
औषधाच्या दुकानातली मुलगी, शाळेचा शिपाई,
उन्हाळ्यात किनाऱ्यावर शिट्टी फुंकणारा जेमाल,
जो मला म्हणाला, ह्या समुद्राला
भरती-ओहोटी नसल्यातच जमा,
पाणी आहे तिथंच असतं,
येता-जाता ते तुम्ही लोक.
म्हणाला आणि थुंकला, रागानं नव्हे,
तोंडात बी आली होती.

संध्याकाळी बोटांना तो वास,
नखांत हिरवं.
भाड्यातून काही वजा झालं नाही,
पण वरून हाक आली, चहा झालाय.

सात नंबर.
पलंग खिडकीला लावलेला,
गळतीखाली परात, शेगडीत हेझेलनटची टरफलं,
भिंतीवर पाहुण्यांसाठीची सूचना
वाळू खोलीत आणू नये
(इथे वाळू नाही, सगळे गोटे आहेत,
सूचना तयार छापील मिळाली, म्हणून घेतली).
उन्हाळ्यात त्या स्वयंपाकघरामागे झोपतात,
बटाट्यांच्या खोलीत. नवरा होता तेव्हा दोघं.
ऑक्टोबरात शेवटचा पाहुणा गेला
की चादरी धुवायच्या, आणि वर यायचं.

बाहेर लाटा अंधारात गोटे ओढत होत्या,
कुणी तांदूळ निवडून पुन्हा सुपात टाकावेत तशा.
नाझिब्रोलाबाई उशीचा अभ्रा उसवत बसल्या होत्या,
शेगडीकडे तोंड करून,
समुद्राकडे पाठ.

मला राहवलं नाही.
बघत तर नाही तुम्ही. मग ही खोली कशाला?

त्यांनी दोरा दातानं तोडला.
"बघून झालंय," म्हणाल्या. "ऐकायला.
बटाट्यांच्या खोलीत चार महिने
फक्त पाहुण्यांचे नळ ऐकू येतात."

दुसरा कप घेतला नाही.
खाली आलो, अंधारात दात घासले,
नळ अगदी बारीक सोडून.